बाबांचा आवाज बसला तेव्हा: महाधमनीची कमान आणि उसनी घेतलेली मिनिटं



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, आणि जमलं तर रविवारी घरी फोन लावायच्या आधी वाचा.

एरवी मी इथे एनआरओ खातं, आई-वडिलांच्या नावावरच्या एफडी आणि दोन देशांतला टॅक्स यावर लिहिते. आजचा विषय वेगळा आहे. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा यातलं काहीही वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नका. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे झालं, त्यानंतर मी क्लेमेंटी मॉलमधल्या पाचव्या मजल्यावरच्या लायब्ररीत बसून महिनाभर एका शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला. तो इतिहास आधी माहीत असता तर ते दिवस थोडे कमी भीतीचे गेले असते, म्हणून लिहिते आहे.

बाबा सांगलीला असतात. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल. दोन-तीन महिने त्यांचा आवाज बसल्यासारखा येत होता. मला वाटलं रेंज नाही. दादाला वाटलं सर्दी. आई म्हणाली, "अरे, ते दिवसभर टीव्हीशी भांडतात, आवाज बसणारच." माझी बारा वर्षांची लेक मात्र म्हणाली, "मम्मा, आजींचा आवाज त्याच फोनवरून नीट येतो ना? मग नेटवर्क कसं खराब?"

एवढं साधं लॉजिक माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सांगलीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. डावा स्वरतंतू हलत नव्हता. त्यांनी घशाचं औषध दिलं नाही, छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितलं. आम्ही चक्रावलो. आवाजासाठी छातीचा स्कॅन? रिपोर्टमध्ये लिहून आलं: महाधमनीच्या कमानीला फुगवटा, रुंदी ५.९ सेंटिमीटर.

आता हे आवाजाशी कसं जोडलेलं आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हृदयातून निघणारी महाधमनी आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याच्या कडेने खाली उतरते. त्या वळणाला कमान म्हणतात. साधारण तीन सेंटिमीटर किंवा त्याहून कमी रुंद. कमानीच्या माथ्यावरून तीन फांद्या निघतात आणि उजव्या हाताला, डाव्या हाताला आणि मेंदूला रक्त नेतात. डाव्या स्वरतंतूची नस गंमतशीर आहे. ती मानेतून सरळ घशात जात नाही. आधी छातीत उतरते, या कमानीला खालून वळसा घालते आणि मग परत वर स्वरयंत्राकडे जाते. कमान फुगली की नस ताणली जाते, आणि माणसाचा आवाज बसतो. आपण परदेशातली माणसं आई-वडिलांना मुख्यतः आवाजातूनच ओळखून असतो. त्या आवाजात बदल झाला, तर तो रेंजवर ढकलू नका.

पुण्याच्या सर्जननी सांगितलं, साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे फुटण्याचा किंवा आतून चिरण्याचा धोका इतका वाढतो की तब्येत झेपणारी असेल तर ऑपरेशनचा विचार करावाच लागतो. दादाने संमतीपत्राचा फोटो पाठवला. त्यात एक ओळ होती: शरीराचं तापमान उतरवून रक्ताभिसरण काही काळ थांबवण्यात येईल.

लेक शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "रक्त थांबणार म्हणजे आजोबा तेवढा वेळ मेलेले असणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी इतिहासात शिरले.

पहिला प्रश्न हा की कमानीचंच ऑपरेशन एवढं अवघड का. समजा तुमच्या सोसायटीत एका फ्लॅटचा पाइप गळतोय. प्लंबर त्या लायनीचा व्हॉल्व्ह बंद करतो, तुकडा बदलतो, व्हॉल्व्ह उघडतो. पोटातल्या किंवा पायातल्या धमनीचं असंच करता येतं. वरून-खालून चिमटा लावायचा, काम उरकायचं. पण कमान म्हणजे टाकीचा मेन व्हॉल्व्ह. तिथे चिमटा लावला की मेंदूचंच पाणी बंद. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण २० टक्के एकटा घेतो, आणि शिल्लक म्हणून काहीच ठेवत नाही. नेहमीच्या तापमानाला चार-पाच मिनिटं रक्त नाही मिळालं की नुकसान सुरू. आणि तीन फांद्यांसकट कमान शिवायला चार-पाच मिनिटं कुठे पुरतात?

म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास हा शिवणकामापेक्षा मिनिटांचा इतिहास आहे. प्रत्येक पिढीच्या डॉक्टरांनी मेंदूसाठी थोडी जास्त मिनिटं उसनी आणली, आणि प्रत्येक उधारीवर काहीतरी व्याज लागलं.

सुरुवातीला कुणी कमान बदलायचा विचारच करत नसे. १८६४ मध्ये लंडनच्या चार्ल्स मूर यांनी छातीतल्या फुगवट्यात लोखंडी तार सरकवून पाहिली, की आत रक्त गोठेल आणि भिंतीला आधार मिळेल. रुग्ण काही दिवसांत गेला. पुढे फुगवटा बाहेरून गुंडाळण्याची रीत आली. आइन्स्टाइनच्या पोटातल्या महाधमनीला असाच फुगवटा होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला रुडॉल्फ निस्सेन यांनी तो चक्क सेलोफेनने गुंडाळला. त्यावर आइन्स्टाइन आणखी सहा वर्षांहून थोडा जास्त काळ जगले. १९५५ मध्ये तो फुटला तेव्हा त्यांनी दुसऱ्या ऑपरेशनला नकार दिला.

गुंडाळण्याकडून बदलण्याकडे जायचं तर दोन गोष्टी हव्या होत्या: बसवायला नवी नळी, आणि ती बसवण्यापुरता वेळ.

नळीची गोष्ट आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. मायकेल डिबेकी हे १९०८ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात जन्मलेले. आई-वडील लेबनॉनहून तिथे गेलेले, म्हणजे आपल्यासारखेच गाव सोडून आलेले. आईने मुलाला लहानपणी शिवण शिकवलं. हा मुलगा पुढे ह्यूस्टनला सर्जन झाला. धमनीसाठी कापडी नळी करून पाहावी म्हणून ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं, म्हणून दुकानातून डेक्रॉन नावाचं नवं कापड घेऊन आले. घरी बायकोच्या शिलाई मशीनवर त्यांनी त्याची नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आपल्या वडिलांच्या पिढीची टेरीकॉटची पँट आठवते? त्यातला न मळणारा, न फाटणारा धागा तोच. कापडी नळीची कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती, आर्थर व्हूरहीस यांनी १९५२ मध्येच न्यूयॉर्कला कृत्रिम कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. पण डेक्रॉन टिकलं. बाबांच्या छातीत आज जी नळी आहे, ती त्याच घराण्यातली. आईने शिकवलेली एखादी गोष्ट मुलाला कुठे उपयोगी पडेल, काही सांगता येत नाही बघा.

वेळेची गोष्ट थंडीपासून सुरू होते. टोरंटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की शरीर थंड केलं की त्याची ऑक्सिजनची गरजच कमी होते. २ सप्टेंबर १९५२ ला मिनिआपोलिसमध्ये जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला २८ अंशांपर्यंत थंड केलं, साडेपाच मिनिटं रक्त थांबवलं आणि हृदयातलं छिद्र शिवलं. पुढच्या वर्षी, ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. म्हणजे तीन वर्षांच्या आत दोन साधनं हाती आली. एक गरज कमी करणारं, दुसरं पुरवठा चालू ठेवणारं. हिशेबाच्या भाषेत, एकाने खर्च कमी केला आणि दुसऱ्याने उत्पन्न सुरू ठेवलं.

१९५७ मध्ये डिबेकी, डेंटन कूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण कमान बदलल्याची यशस्वी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मशीनने शरीराला रक्त, आणि डोक्याच्या धमन्यांना वेगळ्या नळ्यांनी रक्त. कल्पना बरोबर होती, पण काळाच्या पुढची होती. मेंदूला नेमकं किती रक्त, किती दाबाने द्यायचं याचा नीट अंदाज नव्हता. शस्त्रक्रियेच्या जागेत नळ्यांचं जंजाळ व्हायचं. पुढची जवळजवळ दोन दशकं कमानीचं ऑपरेशन म्हणजे फार थोड्यांनी करायचं आणि फार थोड्यांनी वाचायचं काम राहिलं.

आता थोडं आपल्या मुंबईत येऊ, कारण त्याच काळात परळला आणि मुंबई सेंट्रलला काय चाललं होतं, हे मला मुळीच माहीत नव्हतं.

परळचं केईएम हे महापालिकेचं रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं. त्याच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली होती की इथे शिकवणारे भारतीयच असतील. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन. तिकडे मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात डॉ. केर्सी दस्तूर. दोघांनाही उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची होती. मिनिआपोलिसमध्ये १९५५ ला तयार झालेलं साधं, स्वस्त हार्ट-लंग मशीन १९५७ पर्यंत अमेरिकेत विकत मिळू लागलं होतं. पण भारतात १९५६-५७ पासून परकीय चलनाची भीषण टंचाई. डॉलर हवा तर परवानगी, यंत्र आणायचं तर आयात परवाना, आणि डोक्यावर १९४७ चा फेरा कायदा.

मी सीए आहे, मला हे वाचताना हसू आलं आणि मग आलं नाही. आपण आज फोनवर दोन बटणं दाबून आई-बाबांना पैसे पाठवतो. तेव्हा एका रुग्णालयाला जीव वाचवणारं यंत्र आणायला डॉलर मिळत नव्हते.

दोघांनी दोन वाटा काढल्या. दस्तूर यांनी आपल्या पारशी समाजातल्या ओळखींतून स्थानिक कारखानदारांची मदत मिळवली. सेन यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने परदेशी प्रशिक्षण आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्या गाठल्या. दोन्ही चमूंनी आधी कुत्र्यांवर सराव केला, अपयश पचवलं, आणि १९६२ मध्ये मुंबईतल्या या दोन्ही रुग्णालयांत हार्ट-लंग मशीन लावून शस्त्रक्रिया झाल्या. यंत्र हातात येणं आणि यंत्र वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधलं अंतर सरावानेच भरतं, हे मला त्या इतिहासातून कळलं.

महाधमनीचा तर केईएममध्ये खास अभ्यास झाला. १९०८ मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासु यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या विचित्र झालेल्या पाहिल्या. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार महाधमनीच्या आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीला सूज आणतो. बहुतेकदा तरुण बायकांना होतो. धमन्या आक्रसतात, कधी फुगतात, हाताची नाडी लागेनाशी होते. सेन, त्यांचे सर्जन सहकारी डॉ. जी. बी. परुळकर आणि केईएमचे पॅथॉलॉजीतले सहकारी यांनी १९६२ मध्ये अशा रुग्णांवर निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य पुस्तकांत महाधमनीचा आजार म्हणजे प्रामुख्याने म्हाताऱ्या पुरुषांचा. परळच्या वॉर्डात मात्र वेगळं दिसत होतं, आणि त्यांनी ते नोंदवून ठेवलं.

फेब्रुवारी १९६८ मध्ये याच सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्यावर टीका झाली आणि कौतुकही झालं. मला त्यात एवढंच दिसतं, की ही माणसं शक्यतेच्या अगदी टोकावर उभी राहून काम करत होती आणि रुग्णही त्याच टोकावर होते. आज बाबांसारख्या माणसाला पुण्यात कमानीचं ऑपरेशन करून मिळतं, त्याखाली ही सगळी भर आहे.

पुन्हा कमानीकडे. १९७५ मध्ये स्टॅनफर्डचे रँडल ग्रिप यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. फक्त चार रुग्ण. त्यांनी नळ्यांचं जंजाळ काढूनच टाकलं. रुग्णाला खूप थंड करायचं, मग मशीनसुद्धा बंद करायचं. सगळं रक्ताभिसरण थांबलेलं. समोर रक्त नाही, चिमटे नाहीत, शांतपणे शिवता येतं. काम झालं की मशीन सुरू करून हळूहळू ऊब द्यायची. चारांपैकी तिघे वाचले. थंडीत रक्त थांबवण्याची कल्पना हान्स बोर्स्ट आणि ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी साठच्या दशकात छातीतल्या महाधमनीवर वापरली होती, पण ग्रिप यांच्यानंतर कमान बदलणं ही शिकता येईल, शिकवता येईल अशी शस्त्रक्रिया झाली.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. मी तिला सांगितलं, "आजोबा मेलेले नसणार. त्यांचा मेंदू इतका गार केलेला असणार की त्याला तेवढा वेळ भूकच लागणार नाही." ती म्हणाली, "फ्रिजमधल्या भाजीसारखं?" म्हटलं, साधारण तसंच. पण फ्रिजमधली भाजीही कायम टिकत नाही.

आणि व्याज तिथेच आहे. १९९३ मध्ये ह्यूस्टनच्या स्वेन्सन, क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी ६५६ रुग्णांचा हिशेब मांडला. रक्त थांबवण्याचा वेळ ४० मिनिटांच्या पुढे गेला की स्ट्रोकचा धोका वाढतो, ६५ मिनिटांच्या पुढे गेला की मृत्यूचा. शिवाय खूप थंड केलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणून रक्तस्राव जास्त. पुन्हा गरम करायला तास लागतात, आणि घाईने गरम केलं तर तेही मेंदूला बाधतं.

मग पुढची पिढी म्हणाली, थंडीही ठेवू आणि मेंदूला थोडं रक्तही देऊ. १९९० च्या सुमारास जपानच्या युइची उएदा यांनी डोक्याच्या शिरांतून उलट दिशेने रक्त सोडायची पद्धत मांडली. जपानच्याच तेरुहिसा काझुई यांनी धमन्यांतून, म्हणजे सुलट्या दिशेने, मोजून-मापून रक्त देण्याची पद्धत घासून-पुसून चोख केली. म्हणजे १९५७ चीच कल्पना, पण आता दाब मोजत, प्रवाह मोजत, तापमान सांभाळत. हल्ली बऱ्याच ठिकाणी उजव्या खांद्याजवळच्या धमनीत नळी घालतात. कपाळावर चिकटवलेले सेन्सर मेंदूच्या दोन्ही बाजूंचा ऑक्सिजन सतत दाखवत राहतात. मेंदूला रक्त मिळतंय म्हटल्यावर फार गार करायची गरज उरत नाही, म्हणून अनेक चमू आता २० ते २८ अंशांच्या मधल्या थंडीत काम करतात.

पण मेंदू वाचला की दुसरे अवयव हिशेबात येतात. कंबरेखालचं शरीर, मूत्रपिंडं आणि मज्जारज्जू त्या वेळेत उपाशीच असतात. १९८३ मध्ये बोर्स्ट यांनी जर्मनीत हॅनोव्हरला एक युक्ती काढली: नव्या नळीचा एक तुकडा खालच्या महाधमनीत मोकळा लोंबत सोडायचा, म्हणजे पुढे खालचा भाग बदलायची वेळ आली तर जोडायला टोक तयार. त्याला नाव पडलं हत्तीची सोंड. आता त्या सोंडेच्या आत जाळीची स्टेंट असते, म्हणजे ती ताठ राहते आणि एकाच वेळी दोन कामं होतात. पण सोंड फार खोल गेली तर मज्जारज्जूला रक्त नेणाऱ्या बारीक फांद्या झाकल्या जाऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून लांबी मोजून ठरवायची, ऑपरेशननंतर रक्तदाब पडू द्यायचा नाही, गरज पडली तर कण्यातलं पाणी काढून दाब कमी करायचा. एका कोपऱ्यात वाचवलं की दुसऱ्या कोपऱ्यात खर्च दिसतो. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळवावा लागतो.

एक गोष्ट मात्र तंत्राची नाही, ती घरातली आहे. २००५ च्या शेवटच्या दिवशी, ९७ वर्षांच्या मायकेल डिबेकी यांची स्वतःचीच महाधमनी आतून चिरली. काय झालंय याचा अंदाज त्यांना स्वतःलाच आला. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. काही आठवड्यांत तब्येत ढासळली, शुद्ध जाऊ लागली. आता ठरवायचं कोणी? रुग्णालयाची नैतिकता समिती बसली, पत्नीने आग्रह धरला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्याने, त्यांनीच घडवलेल्या पद्धतीने ऑपरेशन केलं. ते बरे झाले, कामावर परतले, ऑपरेशन झालं याचा त्यांना आनंदच होता. २००८ मध्ये, शंभरीला काही आठवडे असताना ते गेले. शेवट गोड झाला. पण त्या रात्री त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल, हे मला आता नीट कळतं.

कारण आमच्याकडेही तेच झालं. दादा म्हणत होता, करून टाकू. मी म्हणत होते, बहात्तर वर्षं वय, स्ट्रोक झाला तर? आम्ही दोघं तीन रात्री फोनवर भांडलो. एक सांगलीत, एक क्लेमेंटीत. बाबांना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी आईने फोन त्यांच्या हातात दिला. ते त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फुटायची वाट बघत मला बसता येणार नाही. सही मी करणार आहे."

मी गेले पुण्याला. ऑपरेशन साडेसात तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा मी पहिला प्रश्न मिनिटांचाच विचारला. ते जरा चमकले, मग सांगितलं: २६ अंश, मेंदूला रक्त सतत चालू, खालचं शरीर ३८ मिनिटं थांबलेलं. मी तो आकडा हातावर पेनने लिहून ठेवला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारत होते. खिडकीत पाहुणे बसलेत म्हणत होते. मी हादरले. नर्सने समजावलं की मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांमध्ये असा भ्रम होतो आणि बहुतेकांचा ओसरतो. चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, दिवसा उजेड, रात्री अंधार, ओळखीचं माणूस जवळ. पाचव्या दिवशी त्यांनी पेपर मागितला आणि मराठी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. तेव्हा मी रडले.

आता तुमच्यासाठी. देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर हे विचारा:

१. फुगवट्याची रुंदी किती, आणि जुना स्कॅन असेल तर त्यापेक्षा किती वाढली? वाढीचा वेग हा आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.

२. मेंदूला रक्त कसं देणार, तापमान किती ठेवणार, मेंदूवर लक्ष कसं ठेवणार?

३. मज्जारज्जू आणि मूत्रपिंडांसाठी काय काळजी घेणार?

४. तुमच्याकडे अशी किती ऑपरेशनं होतात? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगले सर्जन न चिडता उत्तर देतात.

५. आम्हा मुलांची तपासणी करायची का? छातीतल्या महाधमनीचा आजार कुटुंबात चालू शकतो. दादाने आणि मी दोघांनी करून घेतली. मी माझी इथेच सिंगापूरला केली.

आणि घरी करायच्या गोष्टी. आई-वडिलांचा रक्तदाब ताब्यात आहे का, तंबाखू-सिगारेट सुटली का, हे दर महिन्याला विचारा. जुने रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आमच्या घरच्या फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या छातीच्या एक्स-रेवर "महाधमनी रुंद दिसते" अशी ओळ होती. ती आम्ही कोणीच वाचली नव्हती. मी, जी क्लायंटच्या ताळेबंदाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा भिंग घेऊन वाचते, मीही नाही. महाधमनीला फुगवटा असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक्स मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा, ते धडधाकट असताना. आपण बहीण-भाऊ भांडत बसतो आणि सही ज्याने करायची तो माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

बाबा आता सकाळी कृष्णाकाठी वीस मिनिटं चालतात. त्यांचा आवाज पूर्ण परत आलेला नाही. ताणली गेलेली नस प्रत्येक वेळी सावरत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रविवारी फोनवर तो घोगरा आवाज येतो, आणि लेक अजून गमतीत विचारते, "आजोबा, रेंज नाही का तिकडे?"

ते म्हणतात, "रेंज आहे गं. आवाजच सेकंड हँड आहे."

तुमच्या घरच्या माणसाचा आवाज शेवटचा नीट कधी ऐकलात? आज फोन लावलात तर व्हिडिओ बंद करून दोन मिनिटं नुसतं ऐका.